पिसदुरा : डायनासोरांच्या अखेरच्या काळातले चंद्रपूर

चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यातली पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन लहान गावे जगभरच्या पुराजीवशास्त्रज्ञांना नावाने ठाऊक आहेत. या गावांच्या शिवारात डायनासोरांची हाडे, त्यांची दगड झालेली विष्ठा, कासवांची कवचे, सापांचे मणके आणि माशांचे अवशेष मिळाले आहेत. हे सगळे जीव क्रिटेशस कालखंडाच्या अगदी अखेरचे, म्हणजे साधारण ७ कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यानंतर डायनासोरांचे राज्य संपले आणि त्या कुळातले फक्त पक्षी मागे उरले. शेवटच्या डायनासोरांचे जग कसे होते, ते काय खात होते, त्यांच्याबरोबर कोण राहत होते, याचा इतका तपशीलवार पुरावा महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच एका जागी मिळतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पृथ्वीच्या इतिहासाची अनेक पाने एकमेकांशेजारी उघडी पडली आहेत. त्यामुळे कोणता दगड कोणत्या काळातला, हे आधी नीट लावून घ्यायला हवे. गडचांदूर परिसरातल्या सिमेंट कारखान्यांना लागणारा चुनखडक पैनगंगा खडकसमूहातला आहे. तो सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीचा किंवा त्याहूनही जुना. त्यात हाड सापडण्याचा प्रश्नच येत नाही, कारण हाडे असलेला प्राणी तेव्हा पृथ्वीवर जन्मालाच आला नव्हता. बल्लारपूर, सास्ती, घुग्घुस, माजरी इथल्या खाणींतला कोळसा २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीच्या जंगलांचा आहे. ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची पाने त्या काळच्या थरांत मिळतात. म्हणजे कोळसासुद्धा डायनासोरांहून जुना.

सिरोंचा तालुक्यातले जीवाश्म त्यानंतरचे. प्राणहिता आणि गोदावरीच्या खोऱ्यात कोटा नावाने ओळखले जाणारे खडक ज्युरासिक काळातले आहेत. प्राणहितेपलीकडच्या, आता तेलंगणात असलेल्या पोचमपल्ली गावाजवळ कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी १९६० च्या सुमारास एका अवाढव्य शाकाहारी डायनासोरची शेकडो हाडे खणून काढली. त्याचे नाव बारापासॉरस टागोराय. तो उत्खननाचा काळ रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचा होता, म्हणून त्यांचे नाव या प्राण्याला मिळाले. वडधमचे जीवाश्म उद्यान याच सिरोंचा भागात आहे. सिरोंचा आणि पिसदुरा यांची पुष्कळदा गल्लत होते, पण बारापासॉरस आणि पिसदुऱ्याचे डायनासोर यांच्यात १० कोटी वर्षांहून अधिक अंतर आहे. पिसदुऱ्याचे डायनासोर बारापासॉरसपेक्षा आपल्याला काळाने अधिक जवळचे आहेत.

पिसदुऱ्याच्या खडकांना लमेटा म्हणतात. जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटाघाटावरून हे नाव पडले. लमेटाचे थर जबलपूरपासून गुजरातेतल्या बालासिनोरपर्यंत आणि इकडे नागपूर-चंद्रपूरपर्यंत तुकड्यातुकड्यांनी दिसतात. बहुतेक ठिकाणी त्यांच्या डोक्यावर काळा पाषाण, म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखीतून आलेला बेसाल्ट असतो. कोरपना, जिवती, वरोरा या बाजूला दिसणारा काळा खडक तो हाच. लमेटा खाली आणि काळा पाषाण वर, हा क्रम लक्षात ठेवला की पुढची सगळी गोष्ट सोपी होते.

पिसदुऱ्याच्या शोधाचा मान स्टीफन हिस्लॉप यांच्याकडे जातो. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. धर्मप्रचार आणि शाळा हे त्यांचे काम, पण नागपूरच्या आसपासचे दगड, त्यांतली पाने, शिंपले, कीटक यांचा त्यांनी असा ध्यास घेतला की त्यांच्या संग्रहामुळे हा प्रदेश लंडनच्या विद्वानांच्या नकाशावर आला. पिसदुऱ्याची हाडे त्यांनी मिळवली. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. पुढे १८७९ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डाय अशी एक जात सांगितली. दोन-चार मणक्यांवर उभी केलेली ही जात आज कोणी मानत नाही, पण भारतातल्या डायनासोरांच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत पिसदुऱ्याचे स्थान पक्के आहे. डोंगरगावच्या माशांचा अभ्यास आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यातल्या एका माशाला हिस्लॉप यांचे नाव दिले.

खरा सांगाडा हाती यायला मात्र १९८० चे दशक उजाडले. भारतीय सांख्यिकी संस्थेचे सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांना डोंगरगावच्या टेकडीवर एकाच प्राण्याची अनेक हाडे मिळाली. मान, पाठ, कंबर आणि शेपटीचे मणके, फासळ्या, खांद्याचे आणि कमरेचे हाड, पुढच्या पायाची हाडे. कवटी आणि मागचे पाय तेवढे नव्हते. लमेटाच्या खडकांत हाडे बहुधा सुटी, विखुरलेली आणि कोणती कोणाची हे कळू नये अशी मिसळलेली मिळतात. त्यामुळे एकाच जनावराचा इतका भाग मिळणे ही भारतीय पुराजीवशास्त्रातली मोठी घटना होती. १९९७ मध्ये या दोघांनी टायटॅनोसॉरसची एक जात म्हणून त्याचे सविस्तर वर्णन केले. अमेरिकन संशोधक एडविन कोलबर्ट यांच्या सन्मानार्थ जातीला कोलबर्टाय हे नाव मिळाले. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी हा प्राणी टायटॅनोसॉरसपेक्षा वेगळा असल्याचे दाखवले आणि त्याची स्वतंत्र प्रजाती केली. सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव आयसिसॉरस ठेवले. आजचे पूर्ण नाव आयसिसॉरस कोलबर्टाय.

आयसिसॉरस हा टायटॅनोसॉर गटातला, चार पायांवर चालणारा, लांब शेपटीचा शाकाहारी प्राणी. त्याच्या भाईबंदांची मान लांबलचक असते, याची मात्र आखूड आणि जाड होती. पुढचे पाय उंच. दंडाचे एकटे हाड सुमारे दीड मीटर भरते. त्यामुळे खांदे वर आणि पाठ मागे उतरती, अशी त्याची ठेवण असावी. लांबीचे अंदाज ११ ते १८ मीटर असे बदलत राहिले आहेत. अर्धा सांगाडा हाती असताना याहून नेमके बोलणे धाडसाचे ठरेल.

हा प्राणी राहत होता तेव्हा इथे वाळवंट नव्हते आणि आजच्यासारखे घनदाट सागवानी रानही नव्हते. नांद-डोंगरगाव नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सखल खोऱ्यात नद्यांचे पूर येत, गाळ पसरत असे आणि मधूनमधून तळी साचत. डोंगरगावचे मासे त्या तळ्यांतले. पिसदुऱ्याची लाल चिकणमाती पुराबरोबर आलेल्या गाळाची. मातीत तयार झालेले चुन्याचे खडे सांगतात की वर्षातला मोठा काळ कोरडा जात असे आणि पाऊस ठरावीक ऋतूत पडत असे. भारत तेव्हा आशियाला जोडलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्राने वेढलेला हा भूखंड उत्तरेकडे सरकत होता. मादागास्करपासून तो सुटून २ कोटी वर्षे होऊन गेली होती.

हाडांची कीर्ती मोठी असली तरी पिसदुऱ्याचा सर्वांत मोलाचा ठेवा म्हणजे तिथली दगड झालेली विष्ठा. शास्त्रीय भाषेत तिला कॉप्रोलाइट म्हणतात. ही विष्ठा इथे इतक्या मोठ्या संख्येने मिळते की चार्ल्स मॅटले यांनी १९३९ मध्ये केवळ तिच्यावर एक शोधनिबंध लिहिला आणि आकारावरून तिचे प्रकार पाडले. त्यातल्या मोठ्या गोळ्यांत हाडांचे तुकडे किंवा माशांचे खवले नसतात, वनस्पतींचेच अंश असतात. शेजारीच टायटॅनोसॉरची हाडे मिळतात. त्यामुळे हे गोळे त्या शाकाहारी डायनासोरांचे असावेत, असे मानले जाते. हाड एवढेच सांगते की अमुक प्राणी इथे होता. त्या दिवशी त्याने काय खाल्ले, ते विष्ठा सांगते. म्हणून पिसदुऱ्याचा एक मातकट गोळा कधीकधी सबंध मांडीच्या हाडापेक्षा अधिक बोलका ठरतो.

या गोळ्यांची तपासणी चिकाटीचे काम आहे. आधी वरचा थर खरवडून टाकतात, म्हणजे नंतर चिकटलेली माती आणि आजच्या गवताची धूळ निघून जाते. मग आतला भाग कुटून आम्लात ठेवतात. चुना विरघळतो, सेंद्रिय अंश जळतो. उरलेला गाळ जड द्रवात ढवळला की गारेचे हलके कण वर तरंगतात. ते काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या कणांना फायटोलिथ म्हणतात. झाडे जमिनीतल्या पाण्याबरोबर सिलिका शोषतात आणि ती पेशींत साठवतात. पान कुजले तरी पेशीच्या आकाराचा गारेचा कण टिकून राहतो. धानाच्या बांधीत निंदण करताना पात्याची धार हाताला लागते ती याच सिलिकामुळे. गवताच्या कुळातल्या वनस्पतींचे काही फायटोलिथ मधे बारीक आणि दोन्ही टोकांना फुगीर, काही खोगिरासारखे असतात. त्यांच्या आकारावरून गवताचा गटसुद्धा ओळखता येतो.

लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, तेव्हा स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या कॉप्रोलाइटमधून असे कण वेगळे केले. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांचा निबंध ‘सायन्स’ या साप्ताहिकात आला. त्या कणांत गवताचे किमान पाच प्रकार होते. तोपर्यंत गवताचे सर्वांत जुने खात्रीचे जीवाश्म साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे मानले जात. डायनासोर संपल्यानंतर बऱ्याच काळाने गवत आले, असेच पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असे. वरोरा तालुक्यातल्या वावरातून उचललेल्या गोळ्यांनी हे बदलून टाकले. गवत तेव्हा होतेच, शिवाय त्याच्या वेगवेगळ्या शाखाही फुटलेल्या होत्या. आणि शाखा फुटल्या असतील तर मूळ गवत त्याहूनही पुष्कळ आधीचे असणार. २०११ मध्ये याच दिशेने झालेल्या अभ्यासात धानाच्या कुळातल्या वनस्पतींचे फायटोलिथही ओळखले गेले. पूर्व विदर्भाचे मुख्य पीक धान. त्याच्या दूरच्या रानटी नातलगांचा जगातला एक अतिशय जुना पुरावा याच भागात निघाला, ही गोष्ट इथल्या शाळांतल्या प्रत्येक मुलाला कळायला हवी.

गवत हे काही या डायनासोरांचे मुख्य अन्न नव्हते. त्याच गोळ्यांत ताडकुळातल्या झाडांचे, सूचिपर्णी वृक्षांचे आणि रुंद पानांच्या झाडाझुडपांचेही अंश मिळाले. समोर येईल ते पाला-गवत ही जनावरे ओरबाडत असावीत. पिसदुऱ्याच्याच विष्ठेत पानांवर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू सापडले, त्यावरूनही पाला खाल्ल्याचे स्पष्ट होते. गोड्या पाण्यातल्या डायटम या सूक्ष्म शैवालाचीही नोंद झाली आहे. पाणी पिताना ते पोटात गेले असावे.

आयसिसॉरसच्या शेजाऱ्यांपैकी दोघांची नावेच पिसदुऱ्यावरून पडली आहेत. मॅड्ट्सोइया पिसदुरेन्सिस हा मोठा साप २०११ मध्ये धनंजय मोहबे, जेसन हेड आणि जेफ्री विल्सन यांनी जगापुढे आणला. त्याचे कुळ मादागास्कर, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही होते. डायनासोर गेले तरी ते टिकले आणि ऑस्ट्रेलियात तर अगदी हिमयुगापर्यंत राहिले. दुसरे आहे मान आडवी दुमडणारे कासव. सोहनलाल जैन यांनी १९७७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि आता जैन यांच्याच नावाने त्याला जैनेमिस पिसदुरेन्सिस म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पवना गावाजवळ डायनासोरांची गोल अंडी मिळाली. मोहबे यांनी १९९६ मध्ये त्यांना मेगालूलिथस मॅटलेयाय हे नाव दिले.

अंड्यांमुळे विषय पक्ष्यांकडे येतो. पक्षी ही डायनासोरांचीच एक शाखा आहे. मात्र ती आयसिसॉरससारख्या भारदस्त शाकाहाऱ्यांपासून फुटलेली नाही. दोन पायांवर धावणाऱ्या लहान मांसाहारी डायनासोरांतून ती निघाली. जर्मनीतला सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा आर्किऑप्टेरिक्स आणि १९९६ पासून चीनमध्ये मिळत गेलेले पिसांचे डायनासोर यांनी हे नाते पक्के केले. तरीही दूरच्या चुलत्यांत काही खुणा समान दिसतात. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात टायटॅनोसॉरचे अंड्यात अंडे असलेला एक नमुना मिळाला आणि दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये तो प्रसिद्ध केला. असा दोष तोपर्यंत फक्त पक्ष्यांत माहीत होता. कच्छमधल्या अंजारजवळ काळ्या पाषाणाच्या दोन थरांमधल्या मातीत अतिशय पातळ कवचाचे तुकडे मिळाले आहेत. ते पक्ष्याचे किंवा पक्ष्यांच्या जवळच्या लहान डायनासोरचे असावेत.

त्या काळचे पक्षी कसे होते, हे समजायला भारताच्या जुन्या शेजाऱ्याकडे, मादागास्करकडे पाहावे लागते. तिथल्या त्याच काळाच्या खडकांतून व्होरोना हा पक्षी १९९६ मध्ये आणि फाल्काटाकेली २०२० मध्ये कळला. फाल्काटाकेली साधारण कावळ्याएवढा, पण त्याची चोच टूकनसारखी उंच आणि टोकाला एक दात. तो ज्या गटातला होता तो गट त्या काळात जगभर पसरलेला होता आणि डायनासोरांबरोबर समूळ नष्ट झाला. बचावले ते आजच्या पक्ष्यांचे पूर्वज. बेल्जियममध्ये मिळालेला आणि २०२० मध्ये नाव दिलेला अ‍ॅस्टेरिऑर्निस ६.६७ कोटी वर्षांपूर्वीचा. वजन जेमतेम ४०० ग्रॅम, चेहऱ्यात कोंबडी आणि बदक या दोघांच्या खुणा. अंटार्क्टिकाजवळच्या वेगा बेटावरचा वेगाविस हा पाण्यात बुडी मारणारा पक्षी. त्याची कवटी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि बदकांशी त्याचे नाते अधिक ठळक झाले.

आजच्या पक्ष्यांच्याच पूर्वजांचा निभाव का लागला? ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातान भागात सुमारे १० किलोमीटर व्यासाचा अशनी आदळला. धूळ आणि काजळीने सूर्य झाकला गेला, जंगले जळाली, उरलेली झाडे उजेडाविना मेली. फांद्यांवर राहणाऱ्या पक्ष्यांचा आसरा गेला. जमिनीवर वावरणारे, लहान, थोड्या अन्नावर भागवणारे पक्षी तगले. दातांऐवजी चोच असणे त्यांच्या पथ्यावर पडले, असे बरेच संशोधक मानतात: हिरवे सगळे मेले तरी मातीत पडलेले बी वर्षानुवर्षे टिकते आणि चोचीने ते टिपता येते. पिसदुऱ्याच्या गवताचे दाणे कोणा पक्ष्याने टिपले, याचा पुरावा नाही. परंतु बिया देणाऱ्या वनस्पती तेव्हा विविध आणि भरपूर होत्या, हे पिसदुऱ्याने दाखवले आहे, आणि या विचाराला ते बळ देणारे आहे.

भारतात त्या संकटाला आणखी एक बाजू होती. अशनी पडण्याच्या आधीपासून दख्खनचे ज्वालामुखी लाव्हा ओकत होते आणि नंतरही ओकत राहिले. पिसदुऱ्याचा गाळ याच लाव्ह्याखाली गाडला गेला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. पहिल्या लाव्ह्याबरोबर डायनासोर संपले नाहीत. अंजारला लाव्ह्याच्या थरांमधल्या मातीतही त्यांची हाडे आणि अंडी मिळतात. लाव्हा एका जागी थिजला की काही काळ पुन्हा माती, पाणी, झाडे आणि जनावरे येत, असे दिसते. अखेरचा घाव अशनीचा की ज्वालामुखीचा, याबद्दल मते अजून वेगवेगळी आहेत. अशनीच्या बाजूचा पुरावा अधिक वजनदार आहे. सुमारे सव्वा कोटी वर्षांनी, सुरतजवळच्या वस्तान लिग्नाइट खाणीत लहान पक्ष्यांची नाजूक हाडे मिळतात. तोवर डायनासोरांचा मागमूस उरलेला नव्हता.

आयसिसॉरसची हाडे आज कोलकात्याला सांख्यिकी संस्थेत आहेत. पिसदुरा आणि डोंगरगावचे शिवार मात्र दर पावसाळ्यात झिजते आणि दर नांगरटीत उलथते. नवे तुकडे वर येतात, जुने फुटून जातात. जीवाश्मस्थळे आणि भूवारसा जपण्यासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा काढला होता. पण वावरातल्या गोट्यावर पहिली नजर पडते ती शेतकऱ्याची, गुराख्याची किंवा सहलीला आलेल्या विद्यार्थ्याची. कुठल्या थरातून, कुठल्या जागेवरून उचलले हे माहीत नसलेले हाड संशोधनाच्या फारसे कामाचे राहत नाही. म्हणून वरोरा, भद्रावती, चिमूर किंवा सिरोंचा या भागांत असे काही दिसले तर ते घरी नेऊ नये, विकू नये, फोडून पाहू नये. जागेवरच त्याचा फोटो घ्यावा, गाव आणि शेताची नोंद करावी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवावे.